अ‍ॅम्बेसेडरचे टॅपेट ‘गप्प’ करण्याचा तो मेसेज: एकेका मुद्द्याला उत्तर

जुन्या गाड्या सांभाळणाऱ्यांमध्ये एक फॉरवर्ड बराच फिरतोय. इंजिन नव्याने बांधल्यावर टॅपेट वाजत असतील तर काय करायचं, याचे पाच सल्ले त्यात आहेत. पहिला: जुन्या गाडीचे टॅपेट वाजायचेच, हजार किलोमीटर चालवा, आपोआप बसतील. दुसरा: सकाळी वाजतात ते टॅपेटमध्ये ऑइल भरेपर्यंत, काळजी नको. तिसरा: तरी वाजले तर जाड ऑइल किंवा अ‍ॅडिटिव्हची डबी टाका. चौथा: पंधराचा गॅप दहावर आणा, इंजिन एकदम गप्प. पाचवा: बोअर-क्रँकचं काम झालंय म्हणजे सगळं नवंच आहे, वरचं उघडू नका.

मेसेजमध्ये नाव अ‍ॅम्बेसेडरचं आहे, म्हणून त्याच इंजिनाबद्दल बोलतो: 1489 सीसीचं पेट्रोल इंजिन, मूळचं इंग्लंडच्या ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनचं (बीएमसी) बी-सिरीज. पश्चिम बंगालमधल्या उत्तरपाऱ्याच्या कारखान्यात ते काही दशकं बनत होतं आणि कलेक्टर कचेरीपासून लग्नाच्या वरातीपर्यंत त्याने महाराष्ट्र पाहिला. नंतर आलेल्या इसुझूच्या 1.8 लिटर इंजिनाला यातलं सगळं लागू नाही, तेव्हा बॉनेट उघडून आधी आपलं इंजिन कोणतं ते बघा.

आधी भागांची ओळख: फिरणारा कॅम टॅपेटला उचलतो, टॅपेट पुशरॉडला, पुशरॉड रॉकरला, आणि रॉकर व्हॉल्व्ह दाबून उघडतो. गॅप म्हणजे रॉकर आणि व्हॉल्व्हचा दांडा यांच्यातली मोकळी जागा. सगळ्यात घातक सल्ला चौथा, म्हणून सुरुवात तिथून.

गॅप कमी केला की आवाज कमी होतो, हे खरं आहे. म्हणूनच हा सल्ला पसरतो: माणूस करून बघतो, फरक लगेच कानाला कळतो आणि तो पुढे चार जणांना सांगतो. नुकसान कळायला मात्र काही महिने जातात. या इंजिनाला पंधरा थाऊचा गॅप दिलाय, म्हणजे 0.015 इंच, साधारण 0.38 मिलिमीटर. इनलेटला तेवढाच, एक्झॉस्टलाही तेवढाच. हा आकडा कॅमच्या आकारातून येतो. कॅमच्या उंचवट्याआधी एक अगदी मंद चढ असतो. गॅप बरोबर असेल तर मधली पोकळी त्या मंद चढावरच भरून निघते, रॉकर व्हॉल्व्हला हलकेच टेकतो आणि मग ढकलतो. गॅप वाढला की तो मंद चढ हुकतो आणि रॉकर वेगात येऊन आदळतो. मोठी टिकटिक ती हीच. गॅप कमी केला तर आदळणं थांबतं, पण व्हॉल्व्ह लवकर उघडतो, उशिरा बंद होतो, आणि गरम होऊन लांबला की कधी कधी पुरता बंद होतच नाही.

एक्झॉस्ट व्हॉल्व्ह आपली बहुतेक उष्णता सीटवर (बंद होताना तो ज्या कडेवर बसतो तिच्यावर) टेकलेला असतानाच हेडमध्ये सोडतो. तेवढीच त्याची उसंत. ती कमी झाली की कड तापत जाते, एखाद्या जागी जळते, तिथून ज्वाळा निसटायला लागते आणि मग ती फट वाढतच जाते. गाडी आयडलला एका सिलिंडरवर मिस करू लागते, घाटात ओढत नाही, कॉम्प्रेशन घेतलं की एक आकडा खाली. नव्या बांधलेल्या इंजिनाचं हेड पुन्हा खाली.

त्यात आपल्याकडची आणखी एक गोष्ट. 2000 सालापासून देशभर शिसेविरहित पेट्रोल आहे. या इंजिनाचं हेड बिडाचं, आणि मूळच्या सीट त्याच बिडात कापलेल्या. शिसं त्या सीटना झिजण्यापासून वाचवायचं. कडक सीट बसवून घेतल्या नसतील तर जोरात आणि लांब चालवल्यावर व्हॉल्व्ह हळूहळू वर, सीटच्या आत जातो आणि गॅप आपोआप कमी होतो. म्हणजे दहा थाऊवर आणलेला गॅप काही दिवसांनी आणखी कमी असतो. या इंजिनात वाजणारे टॅपेट आपणहून शांत झाले तर खूश होऊ नका, त्या दिवशी फीलर गेज (गॅप मोजायची पातळ पाती) काढा.

आता दुसरा सल्ला. ‘टॅपेटमध्ये ऑइल भरतं’ हे हायड्रॉलिक टॅपेटबद्दल खरं आहे. तिथे टॅपेटच्या पोटात ऑइलचा दाब असतो आणि तोच गॅप शून्य ठेवतो. गाडी रात्रभर उभी राहिली तर ते ऑइल उतरतं, सकाळी काही सेकंद टकटक होते. अ‍ॅम्बेसेडरच्या या इंजिनात साधे लोखंडी टॅपेट आहेत, त्यात भरायला काही नाही. हा सल्ला दुसऱ्याच कुठल्या गाडीचा उचलून इथे चिकटवलाय. या इंजिनात सुरू केल्यावर बराच वेळ वरून कोरडा आवाज येत असेल तर रॉकरपर्यंत ऑइल उशिरा पोचतंय किंवा पोचतच नाही असं समजा.

यालाच लागून तिसरा, जाड ऑइलचा. 20डब्ल्यू-50 या इंजिनाला योग्यच आहे, त्याला माझा विरोध नाही. पण पंधरा थाऊची पोकळी कुठल्याच ऑइलने भरत नाही. आणि मधासारखं जाड काही ओतलंत तर सगळ्यात आधी उपाशी राहतो तो रॉकर शाफ्ट, म्हणजे ज्यावर रॉकर झुलतात तो दांडा, कारण ऑइलच्या वाटेवर तो शेवटी येतो: पंप, मग क्रँकची आणि कॅमची बेअरिंगं, तिथून बारीक वाटेने हेडमध्ये, एका रॉकर स्टँडमधून वर आणि मग पोकळ शाफ्टमध्ये. इंजिन बांधताना ही वाट बुजण्याच्या संधी पुष्कळ. पॅकिंगला लावलेलं जादा सोल्यूशन, धुताना सुटलेला गाळ, स्टँडची जागा चुकणं. शाफ्टच्या टोकाचं प्लग काढून आतला काळा गाळ साफ केलेला नसेल तर बाहेरून पुसलेला शाफ्ट कितीही चकचकीत दिसो, उपयोग नाही. तपासणी सोपी आहे. इंजिन गरम करा, रॉकर कव्हर काढा, आयडलला चालू ठेवा आणि टॉर्च मारून बघा. प्रत्येक रॉकरच्या बुशाच्या कडेने ऑइल पाझरताना दिसलं पाहिजे. एखादा कोरडा दिसला तर आवाजाचं ठिकाण सापडलं.

पाचव्या मुद्द्यावर मला थोडं थांबायचंय, कारण बांधलेल्या इंजिनातला आवाज बहुतेक वेळा इथेच सापडतो. आपल्याकडे ‘इंजिन केलं’ म्हणजे बोअर, पिस्टन-रिंग, क्रँक ग्राइंड, बेअरिंग आणि व्हॉल्व्ह सीट कटिंग. रॉकर शाफ्ट, रॉकर, टॅपेट हे बहुधा रॉकेलमध्ये धुऊन परत बसतात. बिलात त्यांची ओळच नसते.

रॉकर शाफ्ट काढून हातात घ्या. वरून बोट फिरवलं तर गुळगुळीत लागेल. आता खालून फिरवा. एका टोकाला पुशरॉड वर ढकलतो, दुसऱ्या टोकाला व्हॉल्व्हची स्प्रिंग वर ढकलते, त्यामुळे रॉकरचा सगळा भार शाफ्टच्या खालच्या अंगावर येतो. झिजलेल्या शाफ्टला तिथे प्रत्येक रॉकरच्या जागी पायरी लागते, नखाला अडेल इतकी. रॉकर वर-खाली हलवून बघितला तर खडखडतो. ही ढिलाई टॅपेट सेटिंगने कधीच जात नाही.

त्याहून फसवं आहे रॉकरचं टोक, व्हॉल्व्हच्या दांड्यावर टेकतं ते. तिथे वर्षानुवर्षांच्या घासण्याने दांड्याच्या मापाचा उथळ खळगा पडतो. फीलर गेजची पाती सपाट असते. ती खळग्याच्या दोन कडांवर पुलासारखी बसते आणि खालची पोकळी तिला कळत नाही. पाती बरोबर अडखळत निघते, मिस्त्री प्रामाणिकपणे ‘पंधरा’ म्हणतो, आणि खरा गॅप असतो पंधरा अधिक खळग्याची खोली. तिसऱ्यांदा सेटिंग करूनही वाजणाऱ्या इंजिनांमध्ये हे हटकून निघतं. अशा वेळी मिस्त्रीला दोष देऊ नका, पातीच्या जागी डायल गेज (सुईने माप दाखवणारं) लावायला सांगा. खळगा बारीक असेल तर चांगला लेथवाला टोकाची गोलाई सांभाळून तो घासून देतो. खोल असेल तर रॉकर बदला. कडक थर पातळ असतो, तो घासून गेला की नवा खळगा पडायला वेळ लागत नाही.

सीट कापल्या आणि हेडचा तळ घासून सपाट केला की उंचीही बदलते. व्हॉल्व्हचा दांडा वर येतो, हेड ब्लॉकच्या जवळ जातं. मग रॉकर दांड्याच्या मध्यावर न टेकता कडेला टेकतो आणि दर ठोक्याला त्याला बाजूला रेटतो. व्हॉल्व्हचा दांडा ज्यात सरकतो ते गाइड झिजतात आणि आवाज येतो तो वेगळाच. स्टँडखाली मापाच्या शिम (पातळ चकत्या) देऊन हे सुधारतं, पण त्यासाठी कुणीतरी बघायला हवं.

उघडायचं ठरलं तर एक लक्षात ठेवा. या इंजिनात रॉकरचे स्टँड काही हेडच्याच स्टडवर बसतात. नुसते तेवढेच नट सोडले तर हेडवर वाकडा ताण येतो. पाणी उतरवून हेडचे सगळे नट क्रमाने, थोडे थोडे ढिले करायचे आणि बसवताना टॉर्क रेंचने तसेच आवळायचे. हेड आवळलं की पॅकिंग दबतं, रॉकर खाली येतो आणि गॅप घटतो. म्हणून हेड आवळल्यानंतर टॅपेट सेटिंग परत करायचंच. सेट करताना नऊचा नियम वापरा: आठवा व्हॉल्व्ह पूर्ण दाबलेला असताना पहिला सेट करायचा, सातवा दाबलेला असताना दुसरा, बेरीज दर वेळी नऊ.

राहिला पहिला सल्ला, ‘चालवा, बसतील’. पिस्टन रिंग बसतात. टॅपेट आणि कॅम सुरुवातीच्या काही मिनिटांतच एक तर जुळतात, नाहीतर एकमेकांना खातात. नवा कॅम टाकला असेल तर टॅपेटही नवेच हवेत. जुनेच ठेवले असतील तर ज्या लोबवरचा (कॅमच्या उंचवट्यावरचा) टॅपेट त्याच लोबवर. बादलीत एकत्र धुतले की ती जोडी मोडली. नवा कॅम बसवल्यावर पहिली वीसेक मिनिटं इंजिन आयडलला ठेवायचं नाही, दोन हजार आरपीएमच्या आसपास ठेवायचं, कारण लोबवर ऑइल उडून येतं ते क्रँकच्या फिरण्यातून. ऑइलमध्ये जस्त-फॉस्फरसचं संरक्षण पुरेसं हवं. नव्या गाड्यांच्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरसाठी हलक्या ऑइलांमधून ते कमी केलेलं आहे.

हजार किलोमीटरची वाट बघण्यापेक्षा एक वही करा. गॅप सेट करून आकडे लिहा, काही शे किलोमीटरने परत मोजा. एखाद्याच व्हॉल्व्हचा गॅप दर वेळी वाढलेला निघाला तर त्याचा लोब किंवा टॅपेट झिजतोय. डायल गेजने त्याची उचल शेजाऱ्याच्या उचलीशी ताडून बघा. कमी असेल तर गाडी थांबवा, त्या लोखंडाचा चुरा नव्या बेअरिंगांकडेच जातोय. रॉकर आणि पुशरॉड निघाले की ब्लॉकच्या बाजूची झाकणं उघडून टॅपेट वर काढता येतात, इंजिन उतरवावं लागत नाही. टॅपेटचा तळ आरशासारखा असला पाहिजे. खड्डे दिसले तर कॅम गेला.

आणि एवढं सगळं करण्याआधी, वाजतंय ते टॅपेटच आहे ना? कॅम क्रँकच्या निम्म्या वेगाने फिरतो. 800 आरपीएमच्या आयडलला एक व्हॉल्व्ह मिनिटाला 400 वेळा उघडतो, सेकंदाला सहा-सात. मेकॅनिकल फ्युएल पंपाचा दांडाही कॅमवरच चालतो, त्यामुळे त्याची टिकटिक अगदी याच चालीची असते. एक्झॉस्ट मॅनिफोल्डचं पॅकिंग फुटलं की इंजिन थंड असताना टकटक येते आणि गरम झाल्यावर कमी होते. लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक एकेका जागी टेकवून मूठ कानाशी धरा. मग कव्हर काढून, आयडलला चालू इंजिनात एकेका रॉकरखाली फीलरची पाती सरकवा. ज्या रॉकरखाली पाती गेल्यावर आवाज बुजतो, तो व्हॉल्व्ह खडूने खूण करून ठेवा आणि मिस्त्रीला तोच दाखवा.