तिसरा भाग घेऊन आलोय

इथं स्कॉटलंडात, ॲबर्डीनला, डिसेंबरात साडेतीनलाच अंधार पडतो. परवा कामावरून येताना एका चॅरिटी शॉपमधून पौंडभर देऊन डेव्हिड एडिंग्जच्या ‘बेलगारिअड’चा पहिला भाग उचलला. नावात बेळगाव ऐकू आलं म्हणून, खोटं कशाला बोलू! १९८२ ते ८४ या काळात पाच भागांत आलेली ही अद्भुतरम्य कादंबरी. शेतावरच्या स्वयंपाकघरात मावशीच्या धाकात वाढणारा पोरगा, अधूनमधून दारी येणारा गोष्टीवेल्हाळ म्हातारा, चोरीला गेलेला दिव्य मणी. पोरगा शेवटी कोण निघणार, हे शेंबड्या पोरालाही कळावं.

खानापूरचा भाचा फोनवर म्हणाला, “मामा, अजून तसलंच वाचतोस व्हय? इथं पाट्या कुठल्या भाषेत लावायच्या यावरनं रान पेटलंय, आणि तू मणी शोधत बस.”

हे नाक मुरडणं आपल्याकडं जुनंच. हळब्यांची ‘मुक्तामाला’ ही असलीच अद्भुतरम्य कादंबरी, १८६१ची. पुढं हरिभाऊ आपटे सामाजिक कादंबऱ्या घेऊन आले आणि अद्भुतरम्य प्रकार मागच्या फळीवर गेला. पण आमची आजी श्रावणात ‘पांडवप्रताप’ लावायची. लाल फडक्यातली पोथी, पानांना कापराचा वास. वस्त्रहरण आलं की दरवर्षी तिचा पदर डोळ्याला. पुढचं सगळं तिला पाठ, तरीही. शेजारच्या कन्नड अक्का भिंतीला टेकून ऐकायच्या. ओव्या त्यांना निम्म्याच कळायच्या, पण गोष्ट ठाऊक, त्यामुळं ‘अय्यो’ नेमक्या जागी यायचं. त्या दोघींना ‘हे साचेबद्ध आहे’ म्हणायची कुणाची टाप नव्हती.

भाच्याचं एक मात्र मला बोचलं. या पुस्तकांत सुरुवातीलाच नकाशा असतो आणि पलीकडच्या मुलखातले बहुतेक सगळे दुष्ट. सीमाभागात वाढलेल्यानं हे वाचताना जरा चपापावं. मी चपापलो. इथं माझ्याशी ज्वारीच्या भाकरीवर तासभर बोलणारा एकच माणूस आहे, आणि तो धारवाडचा.

तरी वाचतो. आपलं सीमाप्रश्नाचं घोंगडं १९५६पासून भिजत पडलंय, सुप्रीम कोर्टातला दावाही २००४चा. दिवसभर मोबाइलवर तेच वाचल्यावर रात्री असं काहीतरी हवं, ज्याचा निकाल पाचव्या भागात लागतोच लागतो.

दुसरा भाग दुकानात नव्हता. तिसरा होता, तो घेऊन आलोय. मधे काय झालं असेल ते मी न वाचताही सांगू शकतो.