मला काही बांधायचे नाही

गेल्या शनिवारी आमच्या गल्लीतल्या हार्डवेअरच्या दुकानात मला जे ऐकून घ्यावे लागले, त्याचा राग अजून पुरता उतरलेला नाही. आणि तो इतक्यात उतरू नये अशीच माझी इच्छा आहे, कारण रागाच्या भरात टाका जरा घट्ट पडतो.

झाले एवढेच, की मी १५९८ सालची एक अंगी शिवायला घेतली आहे. जर्मनीतल्या नॉयबुर्गच्या राजघराण्यातली डोरोथेआ साबिना त्या वर्षी ऐन तारुण्यात वारली, आणि तिच्या दफनातून मिळालेली रेशमी सॅटिनची अंगी म्युनिकच्या संग्रहालयात आहे. असल्या वस्त्राला तेव्हाचे इंग्रज ‘बॉडीज’ म्हणत, म्हणजे आपल्या आज्या ज्याला ‘बॉडी’ म्हणायच्या त्याचीच ही खापरपणजी. जॅनेट आर्नल्ड या विदुषीने असे कपडे टाका न टाका तपासून त्यांचे आराखडे १९८५ साली छापले. ते मूळ मापाच्या एक अष्टमांश असल्यामुळे माझी पेन्सिल एक मिलिमीटर घसरली की कमर आठ मिलिमीटरने घसरते, हा भाग वेगळा.

या अंगीत उभ्या टिपा मारून बारीक नळ्या केलेल्या असतात आणि त्यांत ‘देवमाशाचे हाड’ घातलेले असते. ते हाड नव्हेच. काही देवमाशांच्या तोंडात दातांऐवजी गाळणीसारखी झालर असते, तिच्या त्या पट्ट्या. आपल्या नखांच्याच जातीच्या, उबेने नरमणाऱ्या आणि अंगाचा आकार घेणाऱ्या. आज त्या मिळणे शक्य नाही आणि मिळूही नयेत, म्हणून जगभरचे हौशी लोक त्यांच्याऐवजी जाडे केबल टाय, म्हणजे वायरींचा जुडगा बांधायच्या प्लास्टिकच्या पट्ट्या, वापरतात. मीही तेच मागायला गेले होते.

“किती वायरी आहेत?” दुकानदाराने विचारले.

“वायरी नाहीत.”

“मग काय बांधायचंय?”

“मला काही बांधायचं नाही. मी त्यांची डोकी कापून टाकणार आहे.”

“ताई, डोकं कापल्यावर तो अडकणार कसा?”

“अडकायला नकोच आहे. नुसता ताठ राहायला हवा.”

इथवर सगळे निभावले असते. पण माझ्या शेजारी फ्लशच्या टाकीचा जुना बॉलकॉक हातात घेऊन एक काका उभे होते, आणि बाईमाणसाला हार्डवेअरच्या दुकानात एकटे सोडायचे नाही असा त्यांनी कधीकाळी पण केला असावा.

“कशात ताठ राहायला हवा?” ते म्हणाले.

मी थकून “ब्लाउजमध्ये” असे सांगितले. काकांनी मीटरचे रीडिंग घ्यावे तसे मला एकदा न्याहाळले आणि मग सभ्यपणे नजर छताकडे नेली.

“कुठल्या फॅशनचा?”

“१५९८ च्या.”

“म्हणजे महाराजांच्या जन्माच्या बत्तीस वर्षं आधी,” त्यांनी तत्काळ हिशेब केला. “आपल्याकडचा?”

“जर्मनीतला.”

“ज्यांचा आहे त्या बाई?”

“वारल्या. १५९८ मध्येच.”

“मग शिवताय कोणासाठी?”

या प्रश्नाचे उत्तर मला त्या क्षणी सुचले नाही, आणि खरे सांगायचे तर अजूनही सुचलेले नाही. तेवढ्यात काकांनी पुढचा प्रश्न टाकला होता: याला बटणे असतात की हूक? मी म्हणाले, मागे एकच नाडी असते, ती एका भोकातून दुसऱ्या भोकात अशी नागमोडी वर चढत जाते.

“मागून बांधणार कोण? तुम्ही तर एकट्या राहता.” हे त्यांना कसे ठाऊक, ते मी विचारले नाही. “आपल्या चोळीची गाठ बघा, पुढे. जिची तिला मारता येते. त्या लोकांना एवढंसुद्धा सुचलं नाही?” बॉलकॉकमधले पाणी माझ्या पाकिटावर ठिबकत होते.

युरोपची बाजू घेण्याची मला काही गरज नव्हती; पण मी ती घेतली. राणी पहिल्या एलिझाबेथच्या अंत्ययात्रेसाठी १६०३ साली जो पुतळा केला होता, त्याच्या अंगातली अंगी लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीत अजून आहे आणि ती पुढूनच बांधायची आहे, असे मी ठणकावून सांगितले.

“पुतळा कशाचा?”

“लाकडाचा.”

“म्हणजे लाकडाच्या बाईला पुढून आणि जित्या बाईला मागून!” काका म्हणाले, आणि सगळे दुकान हसले. मलाही आतून हसू आले होते, याचाच मला जास्त राग आहे.

आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या गृहस्थांनी एक जुनी स्कूटर चार वर्षे खोलून ठेवली आहे. त्याला सगळे छंद म्हणतात, कौतुकाने फोटो काढतात. मी मात्र चांभारासारखी आरी घेऊन, धागा न तोडता नुसता बाजूला सारून एकेक भोक पाडते, त्याच्या कडेला रेशमाचे वेढे घालते, एका भोकाला वीस मिनिटे देते, आणि लोक मला विचारतात, “फॉल-पिको करून देता का?” बाईने गरजेपोटी शिवले तर ते घरकाम आणि बिनगरजेचे शिवले तर रिकामपण, यांच्या मधली जागा मला तरी अजून सापडलेली नाही.

आणि काम सोपे नाही हो! फ्लॉरेन्सची एलेओनोरा दी तोलेदो १५६२ साली वारली. तिच्या थडग्यातले रेशीम बरेचसे टिकले, पण लिनन कुजून गेले. अंगाला लागून राहणारे, घाम पिणारे कापड नाहीसे झाले आणि मिरवायचे तेवढे उरले. आतले सगळे शिवणारणीने अंदाजाने भरून काढायचे. तिची आतली तांबडी मखमली अंगी पुढून हुकांनी लागते, हे मी काकांना मुद्दामच सांगितले नाही.

रविवारी शेजारच्या वहिनींनी फोन कानाशी धरून, बहिणीशी बोलत बोलत माझी नाडी आवळली आणि त्या बारशाला निघून गेल्या. गाठ मागे. खाली पडलेली सुई मला वाकून उचलता येईना. शेवटी कात्रीने नाडी कापली.

सोमवारी आणखी टाय आणायला गेले, तर दुकानदाराने न मागता एक लहान पाकीट पुढे सरकवले. “काका सांगून गेलेत, नाडी पुढून केलीत तर निम्मेच लागतील म्हणून.”

घरी येऊन मी कागदावर मांडून पाहिले. फार तर दोन वाचतात. आणि वर पुढच्या मधोमध घालायची कडक पट्टी ठेवायला जागाच उरत नाही. हे त्यांना ऐकवायला मी संध्याकाळी मुद्दाम दुकानात गेले, पण काकांचा बॉलकॉक बसला होता.