म्हणे नवं मॉडेल म्हणजे नुसता नवा नंबर!

गंगाखेडच्या मामांकडे फिरत फिरत आलेला मेसेज असा: ‘हत्यारांच्या कंपन्या शंभर वर्षं तोच माल नवा नंबर टाकून विकतात. जुनंच घ्या, लोखंड अस्सल. रिव्हॉल्वरची सहाही घरं भरून कमरेला लावा, काही होत नाही.’ मामा परवानाधारक आहेत आणि त्यांना हे पटलंय, म्हणून हा खटाटोप.

शेवटचा सल्ला आधी घेतो, तो जिवावर बेतणारा आहे. जुन्या सिंगल-ॲक्शन रिव्हॉल्वरात, म्हणजे दर बाराआधी अंगठ्यानं घोडा मागे ओढावा लागतो त्या रिव्हॉल्वरात, घोडा (मागचा हातोडीसारखा भाग) खाली असला की त्याचा भार फायरिंग पिनवर, म्हणजे काडतुसावर ठोका देणाऱ्या टोकावर, असतो आणि पिन काडतुसाच्या कॅपला भिडलेली असते. शेतातल्या आखाड्यावर बाजेवरून उठताना हत्यार निसटलं, नेमकं घोड्यावर आपटलं, की चापाला बोट न लागता बार उडतो. रुगर या हत्यारांच्या कंपनीनं 1973 मध्ये हीच खोड काढली. आता खाली आलेला घोडा पिनपर्यंत पोचतच नाही. चाप ओढला तरच मधे एक पोलादी पट्टी वर सरकते आणि घोड्याचा ठोका पिनेला देते. चाप सोडला की पट्टी खाली. बाहेरून बघाल तर रिव्हॉल्वर तेच! 1982 पासून कंपनी आपल्या जुन्या रिव्हॉल्वरांतही हा बदल फुकट करून देऊ लागली. नुसत्या नंबरासाठी कोण पदरमोड करतं? बदल न केलेल्या रिव्हॉल्वरसाठी तिचीच सूचना आहे: गोळ्या पाचच, घोडा रिकाम्या घरावर.

‘अस्सल लोखंड’? कोल्ट कंपनीचं नावाजलेलं सिंगल-ॲक्शन 1873 चं; त्यात जास्त दाबाची धूरविरहित दारू चालेल ही हमी कंपनीनं दिली 1900 मध्ये. त्याआधीचं सगळं काळ्या दारूपुरतं.

शंभर वर्षं तेच म्हणाल, तर 1911 च्या अमेरिकी लष्करी पिस्तुलात पहिल्या महायुद्धानंतर चाप आखूड झाला, बोट नीट पोचावं म्हणून त्यामागे दोन्ही बाजूंना खाचा आल्या आणि घोडा अंगठ्याच्या बेचक्याला चावू नये म्हणून मागची जीभ लांबवली. यंत्रणा तीच राहिली, हे मान्य.

आणि हो, काही बदल उगाचच असतात. ग्लॉक कंपनीनं पिस्तुलाच्या मुठीवर बोटांचे खळगे आणले आणि 2017 च्या पाचव्या पिढीत स्वतःच काढून टाकले. नव्यातही खोट निघते: सिग कंपनीचं पी320 पिस्तूल पडल्यावर उडू शकतं हे दिसल्यावर 2017 मध्येच चाप, स्ट्रायकर (काडतुसावर ठोका देणारा दांडा) आणि त्याला अडवून धरणारा खटका, सिअर, हलके करून द्यावे लागले.

तेव्हा मामा, आधी परवानाधारक दुकानदाराकडून आपल्या रिव्हॉल्वरात ती पट्टी आहे का ते बघून घ्या. तोवर सहावी गोळी डब्यात.