होडी, मध आणि सतरा दिवस : एका प्रतिक्रियेला उत्तर

प्रतिक्रिया तिखट आहे, पण मुद्द्याला धरून आहे, म्हणून नुसतं 'धन्यवाद' टाकून न सोडता जरा सविस्तरच लिहितोय. तुमचं म्हणणं थोडक्यात असं, की प्राचीन इराणचे राजे माणसाला दोन होड्यांच्या मध्ये कोंबून, मध-दूध पाजून किड्यांकडून जिवंत खाववायचे हे ग्रीक चरित्रकार प्लुटार्कने चक्क लिहून ठेवलंय, आणि मी लेखात त्याला 'बहुतेक बनाव' म्हणून मोकळा झालो. पुरावा नाही म्हणजे घडलंच नाही असं कसं? आणि वर टोमणा, की आपल्याकडचं हत्तीच्या पायी देणं मात्र मी बिनदिक्कत खरं धरतो, म्हणजे आपले तेवढे क्रूर आणि परके सभ्य.

आधी प्लुटार्क काय म्हणतो ते बघू. राजा दुसरा आर्टाझर्क्सीस, त्याचा धाकटा भाऊ सायरस गादीसाठी चालून आला आणि इ. स. पू. ४०१ मध्ये कुनाक्साच्या लढाईत मारला गेला. आता राजाला जगभर मिरवायचं होतं की भावाला मीच मारलं, पण भाला आधी लागला होता मिथ्रिडाटीस नावाच्या एका पोराचा. त्याला बक्षीस देऊन गप्प बसवलेलं, तर हा पठ्ठ्या एका मेजवानीत दारू चढल्यावर सगळं बोलून गेला. मग शिक्षा. एकीवर एक बरोब्बर बसतील अशा दोन होड्या, मध्ये उताणा माणूस, डोकं आणि हातपाय तेवढे बाहेर, खायला नको म्हणाला तर डोळ्यांत टोचायचं, मग तोंडात मध-दूध ओतायचं, तेच चेहऱ्यावर चोपडायचं आणि तोंड कायम उन्हाकडे करून ठेवायचं. माश्या येतात, आतल्या घाणीत किडे होतात, आणि सतरा दिवसांनी माणूस मरून सुटतो. (तुम्ही ती तळ्यात तरंगणारी होडी रंगवलीय ना, ती प्लुटार्कमध्ये नाहीये हो, ती नंतरची भर, हल्ली व्हिडिओवाल्यांची लाडकी.)

हे सगळं प्लुटार्क लिहितोय इ. स. १०० च्या आसपास, म्हणजे घटनेनंतर पाचशे वर्षांनी. इतकी बारीक माहिती त्याला कुठून मिळाली? बहुतेक टीसियसकडून, असं अभ्यासक मानतात. टीसियस म्हणजे आर्टाझर्क्सीसच्या दरबारातला ग्रीक वैद्य. दरबारात होता म्हणजे भरवशाचा, असं तुम्ही म्हणाल, पण प्लुटार्क स्वतःच याच चरित्राच्या सुरुवातीला सांगतो की टीसियसच्या पुस्तकात अचाट, विश्वास न बसणाऱ्या गोष्टींची खिचडी आहे, फक्त निदान राजाचं नाव तरी त्याला ठाऊक असणार! आणि सायरसच्या मरणाचं टीसियसने जे पाल्हाळ लावलंय त्यावर प्लुटार्कचा शेरा असा, की बोथट तलवारीने मारावं तसं याने सायरसला एकदाचं मारलं. तुम्हाला प्लुटार्कवर विश्वास ठेवायचाय ना, मग त्याच्या या शेऱ्यांवरही ठेवा. हाच टीसियस इकडे पाऊल न ठेवता आपल्या देशावर पुस्तक लिहून गेलाय, त्यात एकाच पायाची माणसं आहेत जी उताणी पडून तो पाय छत्रीसारखा डोक्यावर धरतात, आणि माणसाच्या तोंडाचा, विंचवाच्या नांगीचा, सिंहाएवढा प्राणी आहे.

पण माझं म्हणणं 'इराणी लोक असं करणारच नाहीत' असं अजिबात नाहीये, आणि इथेच तुमचा गैरसमज झालाय. झेनोफन हा ग्रीक लेखक त्या कुनाक्साच्या लढाईत स्वतः होता, सायरसच्या बाजूने. तो सायरसचं कौतुक करताना सहज लिहून जातो की त्याच्या मुलखात रहदारीच्या रस्त्यांवर हात, पाय, डोळे गमावलेले गुन्हेगार बऱ्याचदा दिसायचे, आणि त्यामुळे भल्या माणसाला बिनधास्त प्रवास करता यायचा. कौतुक म्हणून लिहिलंय हे! त्याच्याही शंभरेक वर्षं आधी इराणच्याच दरायस राजाने बेहिस्तूनच्या कड्यावर स्वतःच कोरून घेतलंय की बंडखोर फ्रवर्तिशचं नाक, कान आणि जीभ कापली, एक डोळा काढला, सगळ्यांना दिसावा म्हणून वाड्याच्या दाराशी बांधून ठेवला आणि मग एकबताना शहरात सुळावर चढवला. माझ्या मते होडीपेक्षा हे जास्त अंगावर येणारं आहे, कारण यात कुणी परका मीठमसाला लावत नाहीये, करणाराच सांगतोय. आणि होडीबद्दल इराणी बाजूने एक अक्षर नाही.

'पुरावा नाही म्हणजे घडलं नाही असं नाही' हे तर शंभर टक्के मान्य. क्रूसावर चढवण्याचंच बघा. रोममधल्या गुलामांच्या, स्पार्टाकसच्या बंडानंतर इ. स. पू. ७१ मध्ये कापुआ ते रोम रस्त्यावर सहा हजार जण लटकवले असं इतिहासकार अॅपियन सांगतो, पण क्रूसावर मेलेल्या माणसाचं हाड म्हणावं असं कितीतरी काळ काहीच हाती नव्हतं. १९६८ मध्ये जेरुसलेमला एका दगडी अस्थिपेटीत टाचेचं हाड मिळालं, त्यात लोखंडी खिळा अजून तसाच, टोक वाकल्यामुळे बहुतेक काढणाऱ्यांना निघाला नसावा. पेटीवर नाव होतं, येहोहानान. तो खिळा मिळाला नसता तरी मी क्रूस खराच मानला असता, कारण त्याबद्दल रोमन स्वतः बोलतात, त्यांचे शत्रू बोलतात, ज्यांची माणसं मेली तेही बोलतात. म्हणजे प्रश्न हाडांचा नाहीये, किती वेगवेगळ्या तोंडांनी ऐकू येतंय याचा आहे.

आता हत्ती. विठोजी होळकरांना दुसऱ्या बाजीरावाने १८०१ मध्ये पुण्यात हत्तीच्या पायी दिलं. त्याचा सूड म्हणून त्यांचे भाऊ यशवंतराव पुण्यावर चालून आले, ऑक्टोबर १८०२ मध्ये हडपसरला लढाई झाली, बाजीराव पळाला आणि डिसेंबरअखेर वसईला इंग्रजांशी तह करून बसला. ही घटना खोटी धरली तर पुढच्या दीड वर्षाचा मेळच लागत नाही. मिथ्रिडाटीसची होडी काढून टाका, आर्टाझर्क्सीसच्या इतिहासात कुठे काही अडतं का सांगा. तेव्हा आपले-परके असा काही हिशोब नाहीये यात.

सिसिलीचा जुलमी राजा फॅलॅरिस माणसांना पोकळ पितळी बैलात कोंडून भाजायचा म्हणतात, त्या बैलाचं तुम्ही विचारलंय, तिथे मात्र मी 'बनाव' म्हणणार नाही. ग्रीक कवी पिंडार त्याचा उल्लेख इ. स. पू. ४७० मध्ये करतो, म्हणजे फॅलॅरिसनंतर शंभर वर्षांच्या आतच. पुढे कार्थेजमध्ये जो बैल होता तो त्याचाच का, यावर सिसिलीच्याच टिमियस या इतिहासकाराने शंका घेतली आणि त्यावरून पॉलिबियस या दुसऱ्या इतिहासकाराने त्याला चांगलाच झाडला. म्हणजे हे भांडण दोन हजार वर्षांपूर्वीच लागलेलं आहे, आणि तिथे माझं मत अजून ठरत नाहीये.