स्टँडवर न लावता शॉकअप दाबून गाडी का बांधली? रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार. आमच्या कंटेनरमधून पुणे ते बेंगळुरू रॉयल एनफिल्ड क्लासिक ३५० पाठवल्यावर तुम्ही आम्हाला दोन स्टार दिलेत. तुमच्या तक्रारी अशा: गाडी डबल स्टँडवर न लावता पट्ट्यांनी खाली ओढून शॉकअप दाबले, उतरवल्यावर पुढच्या उजव्या शॉकअपवर तेलाची रेघ दिसली, टाकीतलं पेट्रोल काढायला लावलं, बबल रॅप अर्ध्याच गाडीला केलं, भरायला पाऊण तास घेतला आणि वर दरही जास्त. शेवटी तुम्ही लिहिलंय की परत येताना टेम्पोत स्टँडवर लावून नायलॉनच्या दोरीने स्वतः बांधून आणाल. उत्तर एवढं लांबलंय ते या शेवटच्या वाक्यामुळे. तशी बांधलीत तर गाडी आडवी होण्याचा धोका मोठा आहे.

आधी तेलाचं, कारण ते लगेच बघायला हवं. कोरड्या कापडाने शॉकअपची नळी पुसून घ्या. पुढचा ब्रेक धरून हँडल दहा-बारा वेळा जोर लावून दाबा आणि परत बघा. नळीवर पुन्हा तेलाचं कडं उमटलं तर ऑइल सील, म्हणजे तेल आत अडवणारं रबरी कडं, गळतंय. नाही उमटलं तर तो जुना पातळ थर होता, विषय संपला. गळत असलं तरी बऱ्याचदा सील फाटलेलं नसतं. नळीवर वाळलेल्या चिखलाचा कण सीलच्या ओठाखाली जाऊन बसतो आणि ओठ उघडा राहतो. डस्ट सील (धूळ अडवणारं वरचं कडं) बोटाने सरकवून तिथली घाण पुसायची, प्लास्टिकची पातळ पट्टी नळीला लागून आत घालून गोल फिरवायची. स्क्रू ड्रायव्हर तिथे अजिबात लावू नका, नळीवर ओरखडा पडला की नवं सीलही टिकत नाही. एवढं करूनही गळती राहिली तर दोन्ही बाजूंची सील आणि तेल एकदमच बदलून घ्या आणि बिल आम्हाला पाठवा. गाडी भरतानाच्या फोटोत नळ्या कोरड्या आहेत, त्यामुळे तो खर्च आमच्याकडे. तोवर फार फिरवू नका. तेल ओघळून कॅलिपरपर्यंत, म्हणजे ब्रेक पॅड दाबणाऱ्या भागापर्यंत, गेलं तर पुढचा ब्रेक धरत नाही.

आता शॉकअप दाबण्याचं. २०२१ पासूनच्या क्लासिकचं वजन १९५ किलो आणि पुढच्या शॉकअपचा प्रवास १३० मिमी. एक्सलच्या मध्यापासून खालच्या टीपर्यंत (दोन्ही शॉकअप एकत्र धरणारा हँडलखालचा आडवा भाग) आम्ही मोजायची टेप लावतो, एकदा बांधण्याआधी आणि एकदा नंतर. तुमच्या गाडीच्या लोडिंग शीटवर फरक ४५ मिमी आहे, म्हणजे साधारण एक तृतीयांश. एखाद्या मोठ्या गतिरोधकावर शॉकअप याहून जास्त दबतो. दोन-तीन दिवस एवढं दाबून ठेवल्याने स्प्रिंग बसत नाही आणि सीलही बाहेर येत नाही.

दाबायचं कारण असं. कंटेनर खड्ड्यात आपटला की गाडी तिच्या वजनाने खाली जाते. शॉकअप मोकळे असतील तर ते त्या क्षणी दबतात, पट्टा ढिला पडतो आणि हूक कडीतून सुटू शकतो. आधीच ताण दिलेला असला की स्प्रिंग पट्ट्याला सतत वर खेचत राहते आणि ढिलाईला जागाच मिळत नाही. पण पूर्ण दाबणंही चूकच. मग दणका झेलायला प्रवासच उरत नाही, सगळा धक्का टी, कोनसेट (हँडल ज्यावर फिरतं ते बेअरिंग) आणि पट्ट्यांवर जातो. काही ठिकाणी रॅचेट (पट्टा ताणायची दातेरी खिटी) ‘अजून एक कट’ म्हणत शेवटपर्यंत ओढतात, तो प्रकार आमच्याकडे नाही.

डबल स्टँड वाटतो भक्कम, पण त्याची घडी कशी होते ते आठवा. गाडी पुढे ढकलली की स्टँड मागे दुमडतो. कंटेनरमध्ये गाडीचं तोंड केबिनकडे असतं, ड्रायव्हरने जोरात ब्रेक मारला की गाडी पुढेच जाते. माल बांधण्याच्या युरोपीय मानकात पुढच्या दिशेला वजनाच्या ०.८ पट आणि बाजूला ०.५ पट जोर धरतात. तुमच्या गाडीसाठी तो पुढे १५६ किलो आणि बाजूला जवळपास ९८ किलो होतो. एवढ्या ढकलीला स्टँड उभा राहत नाही, आणि तो दुमडला की सगळे पट्टे एकदम सैल होतात. साइड स्टँडवर लावून वरून पट्टा ओढला तर स्टँडचा ब्रॅकेट वाकतो. म्हणून गाडी दोन्ही चाकांवर, दोन्ही स्टँड वर, पहिल्या गिअरमध्ये, आणि पुढचं चाक जमिनीला बोल्ट केलेल्या चॉकमध्ये, म्हणजे चाक अडकवायच्या खाचेत. चॉक फक्त चाक सरळ ठेवतो. गाडी धरून ठेवतात ते पट्टेच.

पुढचे दोन पट्टे खालच्या टीला मऊ लूप (कापडी फास) घालून लावतो. हँडलच्या टोकाला लावले तर हँडल क्लॅम्पमध्ये फिरतं आणि केबल दबतात. लेगगार्ड आणि साडी गार्ड बांधायच्या जागा नाहीतच, ते पाइप वाकतात. पट्टा ब्रेकच्या होजला किंवा एबीएसच्या वायरला घासत नाही ना, ते बोट फिरवून बघतो. पट्टे पुढे आणि बाहेर, जवळजवळ ४५ अंशात. उभा पट्टा गाडीला नुसता खाली दाबतो, पुढे-बाजूला जाऊ देतो. मागचे दोन पट्टे चेसिसला, मागे आणि बाहेर ओढलेले. त्यांना पुढच्याइतका ताण लागत नाही, मागचं चाक उडून बाजूला सरकू नये एवढंच त्यांचं काम. पट्टे ३८ मिमी पॉलिएस्टरचे. तुटण्याची ताकद १५०० किलो असली तरी आम्ही कामाचा भार ५००च धरतो. कड्या जमिनीच्या चेकर प्लेटच्या खालच्या क्रॉस मेंबरला (आडव्या तुळईला) आरपार बोल्ट केलेल्या आहेत. फळीत स्क्रूने बसवलेली कडी फळीसकट उपटते.

बबल रॅप मुद्दाम अर्धंच आहे. टाकी, हेडलाइट, मडगार्ड आणि सायलेन्सरवर आहे, पट्ट्यांच्या वाटेत नाही. पट्ट्याखाली बबल रॅप आलं की पहिल्या तासात फुगे फुटतात आणि तेवढा पट्टा ढिला होतो. तिथे सुती कापड असतं, तेही धूळ पुसल्यावर. नाहीतर कापडच सँडपेपरसारखं रंग घासतं.

पेट्रोल काढण्याचं कारण बंद कंटेनर. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती तळाशी साठते आणि उन्हात पत्र्याचा डबा तापतो. तुमच्या १३ लिटरच्या टाकीत साधारण एक लिटर ठेवलं, उतरल्यावर पंप गाठता यावा म्हणून. बाकीचं तुमच्या कॅनमध्ये तुमच्याच हातात दिलं. रेल्वे पार्सललाही टाकी रिकामीच मागतात.

पाऊण तास यातच जातो, तो कमी करणार नाही. पट्टे नवीन बांधल्यावर थोडे बसतात, म्हणून खेड शिवापूरच्या टोलनाक्यावर ड्रायव्हर कंटेनर उघडून प्रत्येक रॅचेट परत तपासतो, खंबाटकी घाट चढण्याआधीच. दोन गाड्यांत ३० इंच सोडतो, त्यामुळे कंटेनरमध्ये गाड्या कमी बसतात आणि दर वाढतो.

परत येताना स्वतः आणणार असाल तर नायलॉनची दोरी नको, ती ताणते आणि भिजली की आणखी ताणते. चार रॅचेट पट्टे, दोन मऊ लूप आणि चॉक घ्या. टेम्पोत चॉक बोल्ट करता येत नसेल तर पुढचं चाक हौद्याच्या पुढच्या पत्र्याला टेकवा आणि मध्ये जुना टायर ठेवा. कड्या नसतील तर हूक फाळक्याच्या बिजागरीला अडकवू नका, चेसिसला वेल्ड केलेली जागा शोधा. उघड्या टेम्पोत पट्ट्याला अर्धा पीळ द्या म्हणजे वाऱ्याने फडफडणार नाही, आणि उरलेलं टोक गाठ मारून बांधा, चाकात जायला नको. निघाल्यावर ३० किलोमीटरवर थांबून चारही पट्टे हाताने दाबून बघा. बांधल्यावर दोन्ही बाजूंनी फोटो काढून आम्हाला पाठवलेत तर निघण्याआधी बघून सांगू, त्याचे पैसे नाहीत.