खुलासा : 1930 चा गोळीबार आणि पेनिसिलिन

मे 1930 मध्ये सोलापुरात झालेल्या गोळीबारातल्या जखमींना पेनिसिलिनची इंजेक्शनं दिली, असा मेसेज सध्या फिरतोय. शक्यच नाही. पेनिसिलिन हे जंतू मारणारं औषध ज्या बुरशीपासून मिळतं, ती अलेक्झांडर फ्लेमिंग या शास्त्रज्ञांना 1928 साली दिसली खरी, पण त्याचं इंजेक्शन माणसाला देऊन पाहिलं 1941 साली, तेही ऑक्सफर्डमध्ये.

1930 पर्यंत सगळी भिस्त सर्जनच्या चाकूवर आणि जखम धुण्यावर. गोळी आत शिरताना सदऱ्याची चिंधी, माती सोबत नेते आणि तिथेच पू धरतो. म्हणून पहिल्या महायुद्धातले सर्जन मेलेलं मांस कापून काढत, जखम न शिवता उघडी ठेवत आणि रबरी नळ्यांतून डेकिन या रसायनतज्ज्ञाचं क्लोरीनयुक्त जंतुनाशक द्रावण दर दोन तासांनी आत सोडत. (तरी कित्येकांचे हातपाय गेलेच.)

‘गोळी तापलेली असते, म्हणून जखम आपोआप निर्जंतुक होते’ हे मेसेजातलं दुसरं वाक्यही तितकंच खोटं.