पंचगंगेवरून हिमनदी गेलेली नाही, भावांनो

पुराचं पाणी ओसरलं की आमच्या कोल्हापूरकडच्या ग्रुपवर एक मेसेज हटकून वर येतो. सारांश असा: पंचगंगेतले गुळगुळीत गोटे हिमनदीने आणलेत, तिचे ओरखडे इंग्रजांच्या काळातच नोंदवले गेलेत, कॅनडात असल्याच वाळूवरून हिरे सापडले, आपल्या वाळूतही काळे चमकदार कण आहेत, जिथं कण जास्त, तिथंच खाली खाण, आणि सरकार गप्प आहे. परवा गंगावेशीत दूध प्यायला उभा होतो, तर दोन पोरांनी तोच मेसेज पुढ्यात धरला. भूशास्त्र शिकलोय म्हटल्यावर सुटका नाही.

आधी ओरखडे. ही निव्वळ थाप नाही, म्हणून तर ती पसरते. 1870च्या दशकात महाराष्ट्रातल्या एका नदीकाठी हिमनदीने घासलेला खडक खरोखरच नोंदवला गेला. पण तो चंद्रपूरकडे, इरई गावाजवळ, चुनखडीवर. नदी पैनगंगा. लिहिणाऱ्याने नाव अर्धवट ऐकलं आणि नदी साताठशे मैल नाही तरी अख्खा महाराष्ट्र ओलांडून इकडे आणली! तो बर्फ सुमारे 30 कोटी वर्षांपूर्वीचा. आपला काळा दगड, रंकाळ्याच्या जुन्या खाणीतला असो की पन्हाळ्याच्या कड्यातला, साधारण 6.6 कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा. त्या बर्फाची खूण इथं असलीच तर ती लाव्हाच्या थरांखाली गाडलेली असणार, नदीच्या पात्रात पडलेली नव्हे. अलीकडच्या हिमयुगात हिमालयात हिमनद्या वाढल्या, सह्याद्रीत नाही.

गोटे गुळगुळीत का? भोगावती, कासारी, कुंभी, तुळशी यांच्या पाण्याने लोळवले म्हणून. पाणी चाळणीसारखं वागतं, गोटे एकीकडे, वाळू दुसरीकडे, गाळ आणखी पुढे. बर्फाला ती अक्कल नाही. पिठासारख्या मातीपासून घराएवढ्या धोंड्यापर्यंत सगळं तो एकाच ढिगात सोडून वितळतो. या ढिगाला टिल म्हणतात, आणि त्यातल्या दगडांच्या एखाद्या बाजूला रंधा मारल्यासारखा सपाटपणा आणि समांतर ओरखडे दिसतात.

आता कॅनडा. हिरे सापडले, हे खरं. पण वाळूत हिरे सापडले म्हणून नव्हे. चक फिपके आणि स्ट्यूअर्ट ब्लसन हे भूशास्त्रज्ञ वर्षानुवर्षं टिलचे आणि एस्करचे, म्हणजे बर्फाखालच्या प्रवाहांनी रचलेल्या वाळूच्या लांबट बांधांचे, नमुने घेत होते. शोधत होते हिऱ्याचे सोबती, म्हणजे हिऱ्याच्याच खडकातून सुटणारी खनिजं: जांभळट लाल पायरोप गार्नेट, हिरवा क्रोम डायॉप्साइड, इल्मेनाइट. हिरा इतका विरळ असतो की थेट त्याच्या मागे लागणारा थकून जातो. सोबती मात्र मुबलक असतात. बर्फ पश्चिमेकडे सरकला होता, म्हणून हे लोक शेकडो किलोमीटर उलटे, पूर्वेकडे गेले. 1991मध्ये लाक द ग्रा परिसरात, एका तळ्याखाली, ड्रिलला हिऱ्याचा खडक लागला. 1998मध्ये तिथं एकाटी खाण सुरू झाली.

फिनलंडची गोष्ट मला जास्त आवडते. 1908मध्ये तिथं एका कालव्याच्या खोदकामात तांब्याने भरलेला एक धोंडा निघाला. धोंडा एकटाच, आजूबाजूला तसला खडक नाही. बर्फ कुठून कुठं गेला हे ओरखड्यांवरून ताडून माग काढला, आणि 1910मध्ये सुमारे 50 किलोमीटरवर औटोकुम्पूचं तांबं सापडलं. पुढे तिथल्या लोकांनी असले गंधकयुक्त धोंडे हुंगून काढायला कुत्रीही शिकवली.

म्हणजे ‘जिथं कण, तिथंच खाली खाण’ हे नेमकं उलटं आहे. कण जिथं सापडले तिथून ते निघालेले नसतात. बर्फ असेल तर तो जिकडून आला तिकडे जायचं, नदी असेल तर वरच्या अंगाला, प्रत्येक संगमावर दोन्ही फाट्यांचे नमुने घेत. ‘हा गाळ कोणी आणला’ याचं उत्तर नसलेला नमुना म्हणजे पत्ता खोडलेलं पाकीट. आणि माणूसही गाळ आणतो. गुजरीतल्या, म्हणजे आमच्या सराफ बाजारातल्या, गटारीचा गाळ झारेकरी उगाच धूत नाहीत, त्यात सोनं असतंच. म्हणून गुजरीखाली खाण आहे का? हुपरीच्या ओढ्यात चांदी निघाली, तरी मी आधी चांदीकामाच्या भट्ट्याच मोजेन.

काळे कण? बहुतेक मॅग्नेटाइट, म्हणजे चुंबकाला चिकटणारं लोखंडाचं खनिज, आपल्याच काळ्या दगडातून, बेसॉल्टमधून सुटलेलं. पांढरे चमकणारे खडे म्हणजे लाव्हाच्या पोकळ्यांत वाढलेल्या गारगोट्या.

सरकार गप्प, हेही खोटं. नदी-ओढ्यांच्या गाळाचे नमुने घेऊन देशाचा भूरासायनिक नकाशा करायचं काम भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण करतंच. जिल्ह्यात खनिजही आहे: राधानगरी, शाहूवाडीकडच्या सड्यांवरचं बॉक्साइट. पण ते कोणी वाहून आणलेलं नाही. पावसाने खडकातली सिलिका धुऊन नेली आणि ॲल्युमिनियम जागच्या जागी उरलं.

त्या दोन पोरांना जुन्या स्पीकरचं चुंबक दिलंय, वाळूत फिरवून बघा म्हणून. अजून परत आलेलं नाही.